तीन हिवरदऱ्या आणि एक दगड

१

इतिहास विसरणारं गाव नकाशावरून पुसलं जातं, असं एक गंभीर वाक्य हिवरदरीच्या वेशीवर लाल रंगात लिहिलेलं आहे. नकाशावर हिवरदरी तीन वेळा आहे. त्यामुळे एखादी पुसली गेली तरी दोन उरतात, आणि पुसली गेली ती कोणती यावर पुढची वीस वर्षं भांडता येतं.

वाशीम जिल्ह्यात, आसेगावच्या बाजूला ही तीन गावं आहेत. हाक मारली तर ऐकू जात नाही, पण शिवी दिली तर पोचते, एवढ्या अंतरावर. हिवरदरी देशमुख, हिवरदरी सोनार आणि हिवरदरी जहांगीर. ही आडनावं सरकारने दिली. गावातला माणूस आपल्या गावाला नुसतं हिवरदरी म्हणतो. आडनावं लावायची ती उरलेल्या दोघींना. तिन्ही गावांत एकेक गढी आहे. देशमुखची अर्धी उभी आहे. सोनारच्या गढीला टाइल्स लावल्या आहेत. जहांगीरची गढी म्हणजे पांढऱ्या मातीचा उंचवटा, त्यावर शेळ्या बसतात.

आता कुठल्याशा जुन्या कागदात 'हिवरदरीची गढी' असा उल्लेख निघाला होता. कोणत्या हिवरदरीची, हे लिहिणाऱ्याने लिहिलं नव्हतं. तो बहुधा तिन्हीपैकी एखाद्या गावचा असावा. ती गढी नक्की कोणती हे ठरवून तिला संरक्षण द्यायला मुंबईहून समिती येणार होती. दुपारी चार वाजता.

आणि सकाळी हिवरदरी देशमुखचा पोलीस पाटील जगदेव दात घासत असताना फोन वाजला.

"जगदेव, शिलालेख गेला!" पलीकडून दौलतराव देशमुख ओरडले.

जगदेवने तोंडातला फेस गिळला. बी.ए.ला इतिहास घेऊन, त्यानंतर शे-दीडशे रहस्यकथा वाचून तो पोलीस पाटील झाला होता. इतक्या वर्षांत त्याच्या हाती लागलेले गुन्हे म्हणजे एक बकरी, दोन पाण्याचे पंप आणि एक पळून गेलेली नवरी, जी मामाकडे सापडली. आज पहिल्यांदा काहीतरी ऐतिहासिक चोरीला गेलं होतं. त्याला वाईट वाटायला हवं होतं. तो इस्त्रीचा शर्ट शोधू लागला.

२

दौलतरावांच्या गढीच्या दरवाजाला लागून एक कोनाडा आहे. त्यात तो दगड पिढ्यान्‌पिढ्या होता: हातभर लांब, काळा, खालच्या अंगाला शेंदूर, वरच्या अंगाला आडव्या ओळी कोरलेल्या. त्या ओळी मोडी आहेत असं जगदेवचं मत होतं. दौलतरावांच्या मते त्यात त्यांच्या खापरपणजोबांचं नाव होतं. वाचता कोणालाच येत नसल्यामुळे दोन्ही मतं गुण्यागोविंदानं नांदत होती. उरलेल्या दोन गढ्यांकडे असा दगड नव्हता, म्हणून आज समितीपुढे देशमुखचीच गढी खरी ठरणार होती.

कोनाडा रिकामा होता.

"हे घे," म्हणत दौलतरावांनी कागद पुढे केला. तक्रार लिहून तयार होती. 'हिवरदरी येथील ऐतिहासिक शिलालेख हिवरदरीच्या इसमाने हिवरदरीस नेला.'

"यात काही समजत नाई, बापू."

"सगयं समजते. खाली नाव वाच ना."

खाली नाव होतं लखनचं. जगदेवच्या सख्ख्या भाच्याचं.

"काल दिवस कलता त्याची ट्रॉली माह्या दारात उभी होती. अर्ध्या गावानं पाह्यलं. जहांगीरचं पोरगं, देशमुखाच्या दारात ट्रॉली घेऊन काय करत होतं? आरती?"

जगदेवचा चेहरा उतरला. लखनचं पोलीस भरतीत नाव लागलं होतं. चार वर्षं पहाटे जहांगीरच्या रस्त्यावर धावून धावून लागलं होतं. आता फक्त चारित्र्य पडताळणी उरली होती. या आठवड्यात ठाण्यात चोरीच्या तक्रारीत नाव आलं की पोरगा पोलीस व्हायच्या आधी पोलिसांच्याच कागदावर चढला. मग कोर्टात निर्दोष सुटला तरी तोवर भरतीचं वय उलटून जाणार.

"बापू, पोराचं आयुष्य आहे."

"माहा इतिहास आहे! चार वाजता समिती येते. तोवर दगड आणून दे. नाईतर समितीसमोर कागदावर सही करतो आन्‌ तसाच ठाण्यात जातो. तूच पोलीस पाटील, तूच घेऊन चाल मले."

जगदेव कोनाड्यापाशी वाकला. रहस्यकथेतले लोक वाकतात तसा. आतली जागा झाडून पुसून लख्ख होती. खाली जमीन ताज्या शेणानं सारवलेली. सारवणावर चार ठिपक्यांची छोटी रांगोळी, आणि तिच्या कडेला तांदळाचे दाणे नि हळदीची पूड सांडलेली.

"सराईत आहे," जगदेव हळू आवाजात म्हणाला. "पायाचे ठसे राहू नये म्हणून सारवून गेला."

"आन्‌ रांगोळी?"

जगदेवने रांगोळी निरखली. "दिशाभूल."

स्वयंपाकघरात दौलतरावांच्या पत्नी रुख्मिणी अनारसे तळत होत्या. नवराबायकोत आठ दिवसांपासून अबोला होता, हे तिन्ही हिवरदऱ्यांना माहीत होतं. सध्या धोंड्याचा महिना, म्हणजे तीन वर्षांनी येणारा अधिक महिना, चालू होता. या महिन्यात लेक-जावयाला बोलावून मान द्यायचा, अनारसे द्यायचे. पण दौलतरावांनी समितीच्या धांदलीत लेकीला, वैजयंतीला, 'पुढच्या धोंड्यात या' असं परस्पर फोनवर सांगून टाकलं होतं. पुढचा धोंडा तीन वर्षांनी.

"वहिनी, काल काही आवाज आला का? दगड उपटल्याचा, फोडल्याचा?"

"नाई बा. उपटल्या-फोडल्याचा आवाज नाई आला."

"कोणी अनोळखी माणूस दिसला?"

"अनोळखी तं कोणीच नव्हतं." त्यांनी एक अनारसा त्याच्या हातावर ठेवला. "खा. चार वाजेपर्यंत लय फिरशील तू."

वहिनींची माहिती प्रामाणिक पण निरुपयोगी आहे, असं जगदेवने मनात नोंदवलं. अनारसा मात्र खुसखुशीत होता.

३

पहिला संशयित अमरसिंग. हिवरदरी सोनारचा सरपंच. आपलीच गढी खरी ठरावी म्हणून त्याने गढीच्या दरवाजाला कमान आणि कमानीला रंगीत दिवे लावले होते. भर उन्हात ते दिवे चालू होते.

"माह्यावर वहीम?" अमरसिंग खुर्चीत मागे रेलून हसला. "जगदेवभाऊ, तुमचा तो दगड घेऊन मी काय करू? वाचता येत नाई. समितीनं विचारलं काय लिवलं, तं काय सांगू? या, दाखवतो."

त्याने प्लास्टिक बाजूला केलं. खाली चकचकीत ग्रॅनाइटची पाटी होती. सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं: 'ऐतिहासिक गढी, हिवरदरी. अंदाजे चारशे वर्षे जुनी. सौजन्य: अमरसिंग, सरपंच.'

"कालच आली," अमरसिंग म्हणाला. "हा शिलालेख. साऱ्याइले वाचता येते."

एवढी पाटी ज्याच्याकडे आहे त्याला काळा दगड चोरायची गरज नाही, हे जगदेवला मान्य करावं लागलं.

"पण तुमी लखनची ट्रॉली पाह्यली काल?"

"पाह्यली ना. माह्या डोयानं. बाया बसल्या होत्या मागं, गाणे म्हणत. हिवरदरीले गेली."

"कोणत्या?"

"हिवरदरीले."

"अहो पण तीन हायेत ना."

"हे पाह्य, हिवरदरीत तं मी उभाच होतो. इकडं आली असती तं मले दिसली असती. इकडं नाई आली. म्हणजे हिवरदरीले गेली."

"देशमुख की जहांगीर?"

"ते तुमाले ठाऊक. मी कधी जात नाई तिकडं."

जगदेवने खिशातून पेन काढलं, कागदावर तीन गोल काढले, त्यांच्यात बाण काढले. एक बाण निघाला होता तिथेच परत आला. त्याने कागद घडी करून खिशात ठेवला आणि मोटरसायकलला लाथ मारली. ती दुसऱ्या लाथेला सुरू झाली. तेवढंच त्या सकाळचं यश.

४

दुसरा संशयित आसेगावचा माणिकचंद. कापडाचं दुकान, आणि जुन्या वस्तूंचं वेड. पंचक्रोशीत कोणाचा पितळी हंडा, कोरीव चौकट, बैलगाडीचं चाक नाहीसं झालं की लोक आधी माणिकचंदच्या माडीवर बघून येत. वस्तू तिथे असे, पण रीतसर विकत घेतलेली. विकणारा बहुतेक वेळा मालकाचा मुलगा निघे.

"या पाटीलसाहेब," माणिकचंदने गादीवर जागा केली. "चोरी कोणती?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"तुम्ही कापड घ्यायला कधी आलात?"

जगदेवने दगडाचं वर्णन केलं. माणिकचंदने मान हलवली. "तो दगड मी दोनदा मागितला होता. दौलतराव नाही म्हणाले. चोरीचा कोणी आणला तर मी माडीवर ठेवीन, आणि माडीवर तर तुम्ही सगळे आधी येता. मग ठेवून फायदा?"

यात तर्क होता. जगदेव उठला.

"तुमच्या गावच्या बायका परवा येऊन गेल्या," माणिकचंद सहज म्हणाला. "हिरवं लुगडं घेतलं, सगळ्यात लहान. एक खण, हिरव्या बांगड्या. रुख्मिणीवहिनी होत्या, जहांगीरच्या लिलाबाई होत्या. मी विचारलं, कोणासाठी? म्हणाल्या, पोरगी माहेरी चालली."

"असेल," जगदेव म्हणाला आणि पायरी उतरला.

तिसऱ्या पायरीवर तो थांबला. रुख्मिणीवहिनींची पोरगी तर येणारच नव्हती. त्यावरूनच अबोला होता. लिलाबाई म्हणजे जगदेवची थोरली बहीण, लखनची आई. तिला मुलगीच नव्हती. मग माहेरी चालली ती कोण?

तेवढ्यात फोन वाजला. दौलतराव. "जगदेव, तुह्या भाच्याच्या ट्रॉलीत शेंदूर सापडला! आता काय म्हणतं?"

जगदेवने फोन ठेवला. घड्याळात अडीच वाजले होते.

५

लखन जहांगीरच्या उंचवट्याखाली, बाभळीच्या सावलीत ट्रॉलीच्या चाकावर बसला होता. त्याच्यासमोर पाच-सहा माणसं ट्रॉलीतल्या शेंदराकडे बघत होती. जगदेवने त्यांना हाकललं.

"लखन, खरं सांग. काल दौलतरावाच्या दारातून काय आणलं?"

"मले नाई माहीत, मामा."

"ट्रॉली तुही, चालवत होता तू, आन्‌ तुले माहीत नाई?"

"खरंच नाई. मायनं म्हटलं ट्रॉली घेऊन चाल. गेलो. म्हणे तोंड पुढं करून बस, मागं पाहू नको, घर येईपर्यंत मागं पाहू नको. आंधया होशीन म्हणे." लखनने चाकावरची माती खरवडली. "मी नाई पाह्यलं. भरतीचं वर्ष आहे, मामा. म्हटलं कायले रिस्क घ्यावं."

"आन्‌ काही जड चढवलं ते समजलं नाई?"

"बाया चढल्या ना. चौदा-पंधरा जणी. त्याच्यात दगड कसा समजेल?"

जगदेव चाकाला टेकला. एकीकडे दगड भाच्यानेच आणला होता, यात शंका उरली नव्हती. दुसरीकडे डोक्यात एकेक गोष्ट जागच्या जागी बसत होती, आणि ते सुख त्याला लपवता येईना. जागा सारवून रांगोळी काढणारा चोर. तांदूळ नि हळद: कोणाची तरी ओटी भरली होती. सगळ्यात लहान हिरवं लुगडं. गाणी. मागे वळून न पाहणं. आणि धोंड्याचा महिना.

"लखन, तुही माय कुठं आहे?"

लखनने उंचवट्याकडे हनुवटी केली.

जगदेवने दौलतरावांना फोन लावला. "बापू, दगड सापडला. जहांगीरच्या गढीवर या. वहिनींना घेऊन या."

"ते बोलत नाई माह्यासंग."

"तरी या."

६

दौलतराव घामाघूम होऊन उंचवट्यावर चढले. मागून, चार हात अंतर ठेवून, रुख्मिणी. लखन शेळ्यांमध्ये उभा होता. वर कडुलिंबाखाली बायकांचा घोळका होता आणि त्यांच्या मधोमध, पाटावर, तो दगड. त्याला हिरवं लुगडं नेसवलं होतं. पुढ्यात केळीच्या पानावर अनारसे होते.

जगदेवने घसा साफ केला. या क्षणाची तो कॉलेजपासून वाट बघत होता.

"बापू, चोर दगड उपटून नेतो. इथं दगडाची ओटी भरली, जागा सारवली, रांगोळी काढली. हे निरोपाचं सामान आहे. कोणाच्या निरोपाचं? सासरहून माहेरी जाणाऱ्या लेकीच्या. आपण पुरुष वरच्या ओळी पाहतो, म्हणून आपल्याला हा शिलालेख. बायका खालचा शेंदूर पाहतात, त्यांच्यासाठी ही त्यांच्या गाण्यातली हिवराई देवी. तिचं सासर देशमुखच्या गढीत, माहेर जहांगीरच्या. धोंड्याच्या महिन्यात प्रत्येक लेक माहेरी जाते. हीसुद्धा गेली. महिना संपला की परत येईल." त्याने नाट्यपूर्ण विराम घेतला. "चोरी झालीच नाही."

"हे समजायले तुले पुरा दिवस लागला?" लिलाबाई म्हणाली. "मले इचारलं असतं तं सकायीच सांगितलं असतं."

"पण माई, कोणी सांगितलं काहून नाई?"

"कोणी इचारलं काहून नाई?"

दौलतराव दगडाकडे, मग बायकांकडे बघत होते. "म्हणजे… मांगच्या धोंड्यात बी नेलता?"

"दर धोंड्यात नेतो. माह्या सासूच्या आधीपासून."

"महिनाभर माह्या दारात दगड नव्हता?"

"नव्हता," लिलाबाई म्हणाली. "तुमी त्या कोनाड्यात टॉर्च ठेवत होते."

बायका हसल्या. तेच चुकलं. दौलतरावांचा चेहरा लाल झाला. त्यांनी खिशातून कागद काढला. "ते काही असो. मालकाले न इचारता नेलं म्हणजे चोरी. ट्रॉली लखनची, नेला त्यानं. जगदेव, चाल ठाण्यात."

लखन शेळ्यांमधून दोन पावलं पुढे आला आणि तिथेच थिजला.

तेव्हा रुख्मिणी बोलल्या. आठ दिवसांत पहिल्यांदा.

"पेन द्या इकडं."

"कायले?"

"नाव लिवा ना माहं. पयलं. मी उचलला तो दगड, ह्या दोन हातानं. लखननं तं पाह्यला बी नाई. लिवा, रुख्मिणी दौलतराव देशमुख. घर तेच, दार तेच. ठाण्यात इचारतीन चोर कुठं राह्यते, तं सांगा, माह्याच चुलीपाशी."

दौलतरावांनी कागद खाली केला. "समितीच्याच दिवशी काहून पण?"

"माही लेक तुमी येऊ नाई देल्ली. म्हटलं, हिले तरी कोणी अडवू नाई." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "आता वैजयंतीले फोन करा. ते आली की आमी हिले वाजतगाजत परत आणतो. नाई आली, तं हे इथंच बरी आहे. माहेर आहे तिचं."

खाली गाडीचा हॉर्न वाजला. समिती आली होती. चार कधीच वाजून गेले होते. समिती आधी सोनारला गेली, तिथे तिचा सत्कार झाला, ग्रॅनाइटच्या पाटीसोबत फोटो झाला. आपण हिवरदरीतच आहोत याबद्दल तिची पूर्ण खात्री पटवून देण्यात आली. मग देशमुखला रिकामा कोनाडा बघून ती लोकांना विचारत विचारत इथवर आली होती.

समितीत बोलणाऱ्या एकच बाई होत्या, डॉक्टर वैभवी. शिलालेखांवर त्यांनी पीएच.डी. केली होती. त्यांनी चपला काढल्या, बायकांना विचारून दगडाजवळ बसल्या, लुगडं जरा बाजूला सारलं आणि मोबाइलचा उजेड तिरपा धरून वरच्या ओळी पाहिल्या. बराच वेळ पाहिल्या. अमरसिंगही येऊन उभा राहिला होता. तिन्ही हिवरदऱ्या एका उंचवट्यावर इतक्या शांत पहिल्यांदाच उभ्या होत्या.

"मोडी आहे ना, मॅडम?" जगदेवने विचारलं.

"नाही."

"मग त्याच्या आधीची लिपी?"

"ही लिपी नाही. टाकीच्या खुणा आहेत. पाथरवट दगड सपाट करतो तेव्हा छिन्नीच्या अशा ओळी पडतात. हा अर्धवट सोडलेला दिसतो."

"माह्या खापरपंज्याचं नाव?" दौलतरावांनी विचारलं.

"कोणाचंच नाव नाही," बाई म्हणाल्या आणि लुगडं पुन्हा नीट केलं. लिलाबाईने त्यांच्या हातावर अनारसा ठेवला.

दौलतराव तक्रारीतल्या 'ऐतिहासिक शिलालेख' या शब्दांकडे थोडा वेळ बघत राहिले. मग त्यांनी ठाण्यात फोन लावला, कारण तक्रार घेऊन येतो असं सकाळी तिथे कळवून ठेवलं होतं. हवालदाराने विचारलं, काय चोरीला गेलं होतं? दगड, दौलतराव म्हणाले. कशाचा? दौलतरावांनी बायकोकडे पाहिलं. नुसताच, ते म्हणाले. हवालदाराने दगडाची तक्रार घेता येत नाही असं सांगितलं आणि फोन ठेवला.

मग त्यांनी दुसरा नंबर लावला आणि फोन बायकोच्या हातात दिला.

वैजयंती गुरुवारी आली. लखनची पडताळणी त्याच्या पुढच्या आठवड्यात झाली. ठाण्यातल्या कारकुनाने हिवरदरी सोनारचं दप्तर उघडून त्यात लखन नावाचा कोणी नाही असं पाहिलं, आणि त्याच्या नावापुढे 'गुन्हे: निरंक' लिहिलं.